दोघींची एक

१

कादंबरीवरून मालिका लिहिताना नेमकं काय करता, असं लोक मला फार आदराने विचारतात. मी सांगते, कापतो. एखाद्याने आयुष्यभर खपून जे वाढवलं, ते आम्ही चहा पीत पीत कापतो.

आमच्या हातातली कादंबरीमाला म्हणजे टेबलभर पसरलेले जाडजूड खंड. नायिका आजच्या काळातली, जुने नकाशे दुरुस्त करणारी. एका पाणचक्कीच्या तळघरात ती उतरते आणि वर येते ती दोनशे वर्षांपूर्वी. मग लढाया, रोगांच्या साथी, दोन लग्नं, कटकारस्थानं, आणि दर खंडात एकदा आजच्या काळात परत येऊन दातांच्या डॉक्टरकडे जाणं. लेखक कधीच वारले होते, त्यामुळे भांडायला कोणी नव्हतं.

भांडायला आम्ही तिघं पुरेसे होतो. मी लिहिणारी. माझ्या जोडीला प्राध्यापक. हा गडी कुठेही शिकवत नाही, पण सगळे खंड त्याला तोंडपाठ आहेत म्हणून ते नाव पडलं. आणि आमची निर्माती, जिला आम्ही पाठीमागे कात्री म्हणतो. तिला ते माहीत आहे आणि आवडतंही. इमारतीच्या मागच्या बाजूची एक खोली आम्हाला दिली होती. खिडकीतून समोरच्या भिंतीवरचे एसीचे डबे दिसायचे, आणि आतल्या भिंतीवर रंगीत कार्डं चिकटवलेली होती. एक कार्ड म्हणजे एक पात्र.

त्यात दोन कार्डं दोन बहिणींची होती, थोरली आणि धाकटी. चक्कीजवळच्या गल्लीत त्या राहतात. नायिका काळाच्या त्या बाजूला पोचली की त्या दार उघडतात, कोरडे कपडे देतात, लपवतात. सुरुवातीच्या खंडांत लेखकांनी त्यांना याहून जास्त काही दिलं नव्हतं. पुस्तकात हे खपून जातं, पण पडद्यावर माणसाला बोलावं लागतं. मग मी घरातलंच उचललं. थोरलीला माझी आई दिली आणि धाकटीला माझी मावशी.

बाबा मी शाळेत जायच्या आधीच गेले. मावशी माझ्या जन्माच्या वेळी मदतीला म्हणून आली ती कायमचीच राहिली, त्यामुळे घरात आम्ही तिघीच. आई सडपातळ, फटकळ, कामाला वाघ. मावशी गोल, गप्पिष्ट, कुकरशीसुद्धा बोलणारी. पण एक रागावणारी आणि एक लाडावणारी, असं सरळ गणित नव्हतं. आई रागावता रागावताच जवळ घ्यायची. मावशी हसता हसता असं काही बोलून जायची की आठवडाभर झोंबावं. दोघींचं दिवसभर काही ना काही वाजत असायचं, आणि ते सगळं मी मालिकेत घातलं होतं.

"या दोघी एकच काम करतायत," कात्री म्हणाली. "एक करून टाक."

"त्यांचं वाजतं तीच तर मजा आहे."

"दोन नट्यांच्या तारखा जुळवताना काय मजा येते ते मला विचार."

"आठव्या खंडात धाकटीचं..." प्राध्यापकाने तोंड उघडलं.

"आठवा खंड येईपर्यंत आपण कोण कुठे असू, बाबा." तिने दोन्ही कार्डं काढून टोपलीत टाकली.

मी फारसं ताणलं नाही. दोन पात्रांचं एक करणं आमच्याकडे रोजचंच असतं. संगणकात 'सगळीकडे बदला' अशी एक सोय आहे. थोरलीच्या जागी 'बाई', धाकटीच्या जागीही 'बाई'. दोनदा बटण दाबलं, फाइल जतन केली आणि कात्रीला पाठवून दिली. वाचून पाहिलं तर बरंच वाटत होतं. बाई आता स्वतःशीच भांडत होती, त्याला वेगळीच खुमारी आली होती.

२

आमच्या घराला लिफ्ट आहे, पण मी जिन्यानेच चढते. स्वयंपाकघराची एक छोटी खिडकी जिन्याकडे उघडते, आणि एक मजला खाली असतानाच दोघींचे आवाज ऐकू यायला लागतात. दिवसभराचा शीण तिथेच उतरतो.

त्या दिवशीही ऐकू आले.

"मीठ घातलंस?" आईचा आवाज.

"केव्हाच."

"चाखलंस?"

"तूच चाख की. जीभ गहाण टाकलीयस का?"

मी हसतच कुलूप उघडलं. स्वयंपाकघरात आई एकटी होती, दाराकडे पाठ करून भाजी चिरत.

"मावशी कुठेय?"

"आहे की," आई म्हणाली.

बाथरूमचा नळ वाहत होता. मी हातपाय धुवायला गेले तर बाथरूम रिकामं. नळ मीच बंद केला. बाल्कनीत गेली असेल, म्हटलं.

चहाचे दोनच कप टेबलावर आले. आई साखर घेत नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे, आधीपासूनच नाही. गोड चहा म्हणजे तिला औषध वाटतं. मावशीला दोन चमचे लागतात. त्या दिवशी आईने डबा उघडला, एक चमचा साखर घातली, ढवळली आणि चहा शांतपणे पिऊन टाकला.

चमचाभर साखरेवरून कोणी तमाशा करतं का?

३

त्यानंतर मावशी मला दिसली नाही. आता कोणी म्हणेल, घरातलं माणूस दिसेनासं झालं आणि तू गप्प कशी बसलीस? पण ती नाहीशी झाली असं वाटतच नव्हतं. तिचा आवाज होता. तिचं गुणगुणणं होतं. तिचा स्वेटर बाल्कनीत वाळत असायचा आणि संध्याकाळी आत आलेला असायचा. मी शेजारच्या खोलीत असले की दोघी व्यवस्थित बोलत असायच्या. मी आत गेले की एकच असायची, आणि मावशी नुकतीच कुठेतरी उठून गेलेली असायची.

मी आईच्या वयाचा विचार केला. माणसं या वयात विसरतात, एकट्याने बडबडतात. मग स्वतःचा विचार केला. मालिकेच्या कामाने डोकं आंबून गेलं होतं, झोप पुरत नव्हती. दोन्ही कारणं पटण्यासारखी होती, आणि दोन्हींतून मावशी कुठे गेली ते कळत नव्हतं.

एका सुट्टीच्या सकाळी आई ओट्याशी उभी होती. माझी नजर तिच्या पायांकडे गेली. डाव्या पायात तिची निळी सपात होती आणि उजव्या पायात मावशीची तपकिरी. मी वर पाहिलं. पाठ ना सडपातळ होती ना गोल. अंगावरचा स्वेटर मावशीचा होता, आईला तो पोत्यासारखा व्हायचा. आता तो अगदी अंगाबरोबर बसला होता.

मी बाहेरच्या खोलीत आले आणि मावशीला फोन लावला. स्वयंपाकघरात घंटी वाजली.

"बोल गं सोन्या," मावशी फोनवर म्हणाली. खणखणीत मावशीच. मला इतकं हायसं वाटलं की मी धावतच दाराशी गेले.

पाठमोरी बाई कानाला फोन लावून उभी होती. माझी चाहूल लागताच तिने मान अर्धी वळवली. "काय गं? घरातल्या घरात फोन कसले करतेस?" हे मात्र आईने विचारलं.

मी पूर्ण चेहरा दिसायच्या आत मागे फिरले. तो मला पाहायचा नव्हता.

दुपारी त्यांच्या खोलीचं दार किलकिलं होतं. आत दोघींचे दोन पलंग आहेत. ती आईच्या पलंगाच्या कडेला बसून केस विंचरत होती.

"सरक जरा," ती म्हणाली, आणि स्वतःच सरकली. "सरकले की. आता काय भिंतीत जाऊ?"

फणी काही वेळ तशीच चालत राहिली.

"तिला सांगायचं का?"

"नको. घाबरेल."

मी दारापासून हलले, चपला घातल्या आणि रस्त्यावर येऊन उभी राहिले. भर दुपार होती. माणसं पिशव्या घेऊन चालली होती, एक बस वळली.

४

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या भागांचं मोठ्याने वाचन करत होतो. बाईची वाक्यं प्राध्यापक वाचत होता. नायिका पोटमाळ्यावर लपलेली असते आणि खाली बाई एकटीच बोलत असते, असं दृश्य होतं.

"सरक जरा," प्राध्यापकाने एका आवाजात वाचलं. मग आवाज बदलून, "सरकले की. आता काय भिंतीत जाऊ?"

कात्री खो खो हसली. काल दुपारी दाराआडून मी हेच शब्द ऐकले होते. अर्थात ते मीच लिहिलेलं होतं, आणि घरात ऐकूनच लिहिलेलं होतं. दोघी बहिणी वर्षानुवर्षं तेच बोलत आल्या आहेत. त्यात नवल काहीच नाही, असं मी स्वतःला बजावत राहिले.

चहाच्या वेळी मी प्राध्यापकाला बाजूला घेतलं. "तू मागे आमच्याकडे जेवायला आला होतास. घरात कोण कोण होतं?"

"तू आणि तुझी आई."

"आणखी?"

"आणखी कोण? मजेशीर आहेत गं तुझ्या आई. एकीकडे आग्रहाने वाढत होत्या आणि दुसरीकडे, 'किती खातोय हा' म्हणत होत्या."

आग्रहाने वाढत होती ती मावशी. 'किती खातोय हा' म्हणाली ती आई. मध्ये मी बसले होते आणि लाजेने मेले होते. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो थट्टा करत नव्हता. मी तिथल्या तिथे रडले असते.

मी सरळ कात्रीच्या खोलीत गेले. "मला दोघी परत हव्यात."

"नटी ठरलीय."

"आणखी एक ठरव. नाहीतर मी जाते."

तिने चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. मी असं कधी बोलत नाही. "बरं आहेस ना?" तिने विचारलं, आणि मी नुसती मान हलवली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण दोघी हव्यात तर दोघी वेगळ्या दिसू देत. घरी मालिका बघणारी भाजी निवडता निवडता बघते. मान वर न करता तिला कळलं पाहिजे, आत्ता कोण बोललं. आजच्या आज दे, नाहीतर एकच राहील."

५

मी जुनी प्रत शोधली. जी सापडली तिच्यातही बाईच होती. बदल मी त्याच फाइलवर जतन केले असणार, दुसरं काय. म्हणजे आता एकेक वाक्य हातात घेऊन ठरवायचं होतं, हे थोरलीचं की धाकटीचं. मला ते अवघड वाटलं नाही. त्या दोघींच्या हाताखाली मी वाढले आहे. मला कळणार नाही तर कोणाला?

पहिली काही पानं भराभर झाली. मिठाचं थोरलीला, गहाण जिभेचं धाकटीला. मग एक वाक्य आलं, 'छत्री घेतलीस का?' हे घरात रोज ऐकलेलं होतं. कोणाकडून? मी डोळे मिटून आठवून पाहिलं. दार आठवलं, दारातली छत्री आठवली, आवाज काही वेगळा काढता येईना. ते बाजूला ठेवून पुढे गेले. पुढचंही तसंच.

मग तापाचं दृश्य आलं. नायिका फणफणली आहे आणि कोणीतरी तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणतं, 'मी आहे ना. तू झोप.' लहानपणी मला फार ताप यायचा, हे वाक्य तिथलंच आहे. माझ्या सगळ्या लिखाणात मला तेवढं एक वाक्य मनापासून आवडतं. मला तो हात आठवला, नुकत्याच धुतलेल्या भांड्यांचा गारवा आठवला. त्या हातावरून मी मनातल्या मनात वर वर पाहत गेले. बाही दिसली, खांदा दिसला. चेहऱ्याच्या जागी स्वयंपाकघरातली ती पाठमोरी बाई होती, अर्धी मान वळवलेली.

मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले.

"काय झालं?" प्राध्यापकाने विचारलं.

"कोणतं कोणाचं तेच मला आठवत नाहीये."

"आठवायचंय कशाला? ठरवायचंय." त्याने पानं स्वतःकडे ओढली. "कडक ते सगळं थोरलीला, मऊ ते सगळं धाकटीला. नेहमी असंच तर करतो आपण."

आम्ही नेहमी तसंच करतो हे खरं होतं. पात्रं वेगळी दिसावीत म्हणून एकाकडे एक रंग द्यायचा आणि दुसऱ्याकडे दुसरा, हे मी नव्या लोकांना शिकवलंसुद्धा आहे. कात्रीने बाहेरून काचेवर टकटक केली आणि मनगटावरचं घड्याळ दाखवलं. मला फक्त दोघी परत हव्या होत्या. एवढंच डोक्यात होतं, देवाशपथ.

मग काम सुसाट झालं. छत्री थोरलीला, कारण त्यात दटावणी आहे. 'मी आहे ना' धाकटीला. जवळ घेणं, डोळे पुसणं, पांघरूण घालणं, सगळं धाकटीला. थोरलीच्या वाट्याची दृश्यं रिकामी पडत होती, तिथे मी सूचना घातल्या. 'थोरली लांबूनच बघते.' 'थोरली जवळ येत नाही.' कॅमेऱ्यात ते छान दिसतं.

कात्रीने उभ्या उभ्याच वाचलं. "हां, आता कळतं कोण कोण ते," ती म्हणाली. "लॉक करते."

लॉक म्हणजे त्या क्षणापासून ते लिखाण नटांकडे, कपडेवाल्यांकडे, सेटवाल्यांकडे जातं आणि पुढे त्यातलं एक अक्षर कोणी हलवायचं नाही. मीसुद्धा नाही.

६

मी अजून जिन्यातच होते आणि वरून दोन आवाज आले. एक आवाज दुसऱ्याला मध्येच तोडत होता. एकट्या माणसाला ते जमत नाही. मी उरलेला जिना धावत चढले.

स्वयंपाकघरात दोघी होत्या. खरोखरच्या दोघी, एकाच वेळी. मावशी खुर्चीत होती, जरा जास्तच गोल वाटली. आई खिडकीशी उभी होती, मला आठवत होती त्याहून वाळलेली. जिच्या तिच्या सपाता जिच्या तिच्या पायांत होत्या. माझ्या हातातली पिशवी गळून पडली आणि मला रडू फुटलं. लहानपणी रडायचे तसं, तोंड उघडून.

"रडायला काय झालं?" आई म्हणाली. "वेळेवर यायला नको."

मावशी लगबगीने उठली. तिने मला पोटाशी धरलं, डोळे पुसले, केसांवरून हात फिरवला. "मी आहे ना," ती म्हणाली. "मी आहे ना सोन्या." तिचा हात उबदार होता. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती. मी हुंदके देत होते आणि ती हसत होती. ते हसू कमी होईना, की जरा हलेना. मावशीच्या जिभेला धार होती. माझ्या या अवतारावर एव्हाना तिने काहीतरी लागट बोलायला हवं होतं. मी वाट पाहिली. ती पुन्हा म्हणाली, "मी आहे ना."

"आई," मी म्हटलं, "तू ये ना इकडे."

"काही नको. चहा गार होतोय."

तिचा स्वर कोरडा होता. पण तिचे हात कमरेपासून वर उचलले गेले होते, माझ्याकडे, बोटं पसरलेली. ते अर्ध्यावरच अडले होते आणि कापत होते. ती त्यांच्याकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. कपाळावरचा तो गार हात कोणाचा होता ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी तो कोणाला देऊन आले होते तेही.

"छत्री परत विसरलीस," ती म्हणाली.

मी मावशीच्या मिठीतून सुटायला धडपडले. सुटले. आईच्या दिशेने एक पाऊल टाकलं, तशी ती एक पाऊल मागे गेली. मी आणखी पुढे झाले, ती आणखी मागे, ओट्याला धडकून, डबे पाडत, थेट भिंतीला टेकेपर्यंत. तिथे हात पसरून ती उभी राहिली. तिचे डोळे घळाघळा वाहत होते, आणि तोंडाने ती मला रागावतच होती.